पोटरीचं माप

कुंडल, ता. पलूस
दि. ९ फेब्रुवारी

आदरणीय आण्णांस,

धाकट्या शालूचा सप्रेम जयभीम. तुमची तब्येत, तुमच्या शेळ्या आणि माणमधला वारा ही तिन्ही बरी असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं. मी ठीक नाही. मी रागात आहे आणि गेले दोन महिने रागातच आहे. राग कुणावर आहे ते तेवढं अधूनमधून बदलतं.)

शालू फोन का करत नाही, असं तुम्ही तुमच्या पोराला, विश्वजितला, विचारलंत म्हणे. आण्णा, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता. म्हणून पत्र. चष्मा लावून, ओट्यावर बसून, सगळं वाचा. मधली पानं गाळू नका. तुम्ही गाळता हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी पडले कशी, हे तुम्हाला प्रत्येकानं वेगळं सांगितलं असेल. प्रशांतनं सांगितलं असेल की आईचा पाय घसरला. लेकरू आईची अब्रू राखतं. पाय घसरला नव्हता, मी प्लास्टिकच्या स्टुलावर चढले होते. वरच्या फळीवरचा तांदळाचा डबा काढायचा होता. सिस्टर म्हणून चौतीस वर्षं मी माणपासून पलूसपर्यंत घराघरात जाऊन सांगितलं की साठीच्या पुढच्या माणसानं स्टुलावर चढू नये. आणि स्वतःला सदुसष्ट झाल्यावर, सून पतसंस्थेतून साडेपाचला येईल तोवर कोण थांबणार म्हणून चढले. डबा हाताला लागला, मी डब्यासकट खाली. उजवा खुबा मोडला. त्या डब्यात तांदूळ नव्हतेच, फुटलेल्या बरण्यांची झाकणं होती. (ती कुणी ठेवली होती हे विचारू नका. मीच.)

ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खुब्यात नवा गोळा बसवला, दुसऱ्या दिवशी उभं केलं, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवलं. काम चोख. तिथल्या पोरी मला ‘आजी’ म्हणायच्या आणि मी बहिरी असल्यासारख्या ओरडून बोलायच्या, तेही मी सोडून दिलं. माझा राग आहे तो नवव्या दिवसावर, ज्या दिवशी घरी सोडलं त्या दिवसावर. सकाळी साडेदहाला सांगितलं की आजी, आज घरी. दुपारी एक वाजता एक माणूस आला. हातात फाईल, फाईलमध्ये अकरा कागद, सगळे इंग्रजीत. ही गोळी सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी, ही सुई रोज एक, पोटाच्या कातडीत, महिनाभर, टाके अमुक तारखेला, खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, काही वाटलं तर या नंबरवर फोन करा. हे सगळं त्यानं एका दमात म्हटलं. म्हणताना तो माझ्याकडं बघत नव्हता, पलीकडच्या खाटेकडं बघत होता, कारण तिथंही एक फाईल द्यायची होती. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत.

आण्णा, मी उपकेंद्रात असताना बाळंतिणीला घरी सोडायच्या आधी तिच्या सासूला समोर बसवायची आणि सगळं परत म्हणवून घ्यायची. सासूनं चुकवलं की पुन्हा पहिल्यापासून. मग ती सासू कितीही मोठ्या घरची असो. (मोठ्या घरच्या सासवांना मी सांगितलेलं ऐकणं जड जायचं. का जड जायचं ते तुम्हाला सांगायला नको. पण ऐकायला लागायचं, कारण बाळ माझ्या हातात असायचं.) आणि इथं माझ्या सुनेनं, अक्षतानं, त्या माणसाला एक प्रश्न विचारला. नवव्या कागदावर पोटरीचं काहीतरी लिहिलं आहे, ते काय, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, मोबाईलवर बघा, सगळं असतं. आणि गेला.

मग घरी यायचा प्रवास. प्रशांत लोणंदहून कारखान्याची रजा काढून आला होता आणि येताना मित्राची गाडी घेऊन आला होता. लाल, नवीकोरी आणि जमिनीला टेकलेली. नवा गोळा बसवलेल्या माणसानं खुब्यातून काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नसतं हे मी त्याला पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, आई, सीट मागं सरकते. सीट मागं सरकली, पण मी सरकत नव्हते. शेवटी दवाखान्यातल्या दोन उशा आणि अक्षताची स्वेटरची पिशवी सीटवर रचून मला वर बसवलं. खुबा काटकोनात राहिला, पण डोकं छताला लागलं. सांगली ते कुंडल मी मान वाकडी करून आले. साखर कारखान्यांचे दिवस, म्हणजे प्रत्येक वळणावर उसाची ट्रॉली, आणि प्रत्येक गावाला दोन गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाला माझं डोकं छतावर आपटायचं आणि प्रशांत ‘सॉरी आई’ म्हणायचा. मी तेवीस सॉरी मोजल्या, मग मोजणं सोडलं. (खुबा शाबूत आला. मान अजून दुखते.)

घरात पाऊल टाकलं तर उंबऱ्याच्या आत गुळगुळीत गालिचा. आई घरी येणार म्हणून प्रशांतनं आणलेला. वॉकरचे पुढचे पाय गालिच्यावर, मागचे पाय फरशीवर, आणि मी मधे. अक्षतानं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं तो गालिचा गुंडाळून अंगणात भिरकावला. नवऱ्यानं हौसेनं आणलेली वस्तू तिनं त्याच्यासमोर फेकली, तेव्हा मला तिचा राग आला. त्या वेळी मला तिच्या सगळ्याचाच राग यायचा, हे आधीच सांगून ठेवते.

कारण आण्णा, ती अकरा कागद घेऊन बसली. पतसंस्थेत काम करणारी बाई, कागदाची सवय. दोन दिवस मोबाईलवर एकेक इंग्रजी शब्द बघून तिनं सगळं मराठीत उतरवलं आणि फडताळाच्या दाराला चिकटवलं. मग अंमलबजावणी सुरू झाली. माझ्या खाटेखाली विटा आल्या. माझा पाट गेला. माझ्या चपला गेल्या आणि मागं पट्टा असलेले बूट आले, पोलिसात भरती झाल्यासारखे. माझं नऊवारी, जे मी नोकरी सुटल्यापासून नेसते, ते पायात अडकतं म्हणून कपाटात गेलं आणि गाऊन आला. सकाळची वंदना मी जन्मभर खाली बसून म्हटली, ती खुर्चीवर बसून म्हणायची ठरली. न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा बसला. एक महिन्याची रजा काढून ही बाई घरात राहिली आणि तिनं माझं घर माझ्या हातातून काढून घेतलं. आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, शिंप्याची टेप घेऊन ती माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजायची आणि वहीत लिहायची. चौतीस वर्षं नोकरी केली मी. माझी पोटरी कुणी ब्लाउजच्या बाहीसारखी मोजली नव्हती. तिला सांगितलं, मी सिस्टर आहे, मला कळतं. ती म्हणाली, हो आई, आणि टेप गुंडाळली. दुसऱ्या दिवशी परत टेप.

त्यात भेटायला येणारी माणसं. तुम्हाला वाटेल, लोक प्रेमानं येतात. येतात खरे. पण येताना प्रत्येकजण एक शहाळं आणि एक मेलेला माणूस घेऊन येतो. कुणाच्या आत्याचा असाच खुबा मोडला होता, ती तेराव्या दिवशी गेली. कुणाच्या मामाच्या गोळ्यात पू झाला. सांगून झालं की ‘तुमचं तसं न्हाई हुयाचं’ म्हणून शहाळं पुढं करायचं. एवढ्या गोष्टी ऐकल्यावर शहाळं गळ्याखाली उतरतं का?

शेजारच्या बाळाबाई आणि त्यांचे मालक नाथाजी तर रोजचेच. पहिल्या दिवशी नाथाजी आले आणि समोर होती ती खुर्ची ओढून ऐसपैस बसले. ती माझी कमोडची खुर्ची. प्रशांतनं नुकतीच खोक्यातून काढून जोडली होती, झाकण लावलेलं होतं. अक्षतानं चहा आणला. नाथाजींनी चहा घेतला, वर आणखी अर्धा कप मागून घेतला, खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली आणि म्हणाले, खुर्ची लय दणकट हाय, कुठनं आणली? प्रशांतला खोटं बोलता येत नाही, हे माझंच शिकवणं. त्यानं सांगितलं कुठून आणली आणि कशासाठी. त्यानंतर नाथाजी आमच्याकडे आले की उभेच राहतात.

आता जे लिहिते ते नीट वाचा, आणि वाचून गावात सांगू नका.

ती पोटातली रोजची सुई. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते. पायाचं ऑपरेशन झालेला माणूस पडून राहतो, शिरेत रक्त साखळतं, म्हणून. मला हे माहीत नाही असं नाही. ती सुई मी माझी मीच घेणार असं मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. सिस्टरच्या घरात सिस्टरला दुसऱ्या कुणी टोचायचं नाही. पोटावर काळेनिळे डाग पडले, बोट लावलं तरी दुखायचं, तरी आठ दिवस घेतली. नवव्या दिवशी अक्षतानं मला चालताना टोकलं. बारा फेऱ्या सांगितल्या असताना मी आठ घातल्या आणि बारा सांगितल्या, ते तिनं पकडलं. सुनेनं खोटं पकडल्याचा एवढा संताप आला की खोलीचं दार लावून घेतलं, सुई उघडली आणि औषध खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत सोडलं. कुणाला काय दाखवून दिलं, विचाराल तर सांगता येणार नाही. रिकामी सुई नेहमीच्या दुधाच्या भुकटीच्या डब्यात टाकली, म्हणजे मोजदाद बरोबर. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. गोळ्या चुकवणाऱ्या म्हाताऱ्यांना मी किती बोलले असेन आण्णा, टीबीच्या पेशंटना दारात उभं राहून समोर गिळायला लावायची. त्या सगळ्यांची एकदम माफी मागावी असं आता वाटतं, पण त्यातले निम्मे राहिले नाहीत.

बाराव्या दिवशी, म्हणजे एकतीस डिसेंबरला सकाळी, अक्षतानं टेप लावली आणि परत लावली. डावी पोटरी नेहमीएवढी. उजवी साडेतीन सेंटीमीटरनं जास्त. आदल्या दिवशी फरक एकाचा होता. मी म्हटलं, टेप तिरकी धरलीस. तिनं सरळ धरून दाखवली. मी म्हटलं, ऑपरेशनच्या पायाला सूज असतेच, मला शिकवू नकोस. तिनं हात लावून बघितला, म्हणाली, गरम लागतोय. पाय गरम आहे हे मला पहाटेपासून माहीत होतं. दुखत होता हेही. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर मी तिथल्या तिथं जीप बोलावली असती. पण तो माझा होता. मला परत त्या खाटेवर जायचं नव्हतं. आणि गेले की सुया कुणी चुकवल्या हे निघणार होतं.

तेवढ्यात बाळाबाई आल्या. त्यांच्या हातात बाटली, त्यांच्या माहेरच्या कुण्या हाडवैद्याचं तेल. पाय बघून म्हणाल्या, ‘आवं सिस्टरबाई, शीर आखडलीया नुसती. दाबून चोळलं की सांजच्याला मोकळी.’ आण्णा, सुजलेली गरम पोटरी चोळायची नसते हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. गुठळी निसटली तर थेट फुप्फुसात जाते, आणि मग माणसाला पाणी मागायलाही वेळ मिळत नाही. मी हे शिकले होते. दुसऱ्यांना शिकवलं होतं. आणि मी काय केलं असेल? गाऊन गुडघ्यापर्यंत ओढला आणि म्हटलं, चोळा बाळाबाई. सुनेला दिसू दे, काही झालेलं नाही.

बाळाबाईंनी तळहातावर तेल घेतलं. अक्षता मधे आली. तिनं त्यांचं मनगट धरलं, बाटली काढून घेतली, बूच लावलं आणि खिडकीत ठेवली. मग माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

‘आई, या पायाला मी कुणाला हात लावू देणार नाही. तुम्ही जन्मभर माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.’

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. चौदा वर्षांत बोलले नव्हते ते बोलले. तिच्या माहेरापर्यंत गेले. ती ऐकत होती आणि त्या फाईलवरचा नंबर लावत होती. काही वाटलं तर फोन करा म्हणून दिलेला नंबर. चार वेळा लावला. चारही वेळा आधी गाणं आणि मग ‘सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’. माझं बोलणं आणि ते गाणं एकाच वेळी चाललं होतं. प्रशांत लोणंदला ड्युटीवर. आमच्या गल्लीतल्या गाड्या माणसं भरून भीमा-कोरेगावला निघून गेलेल्या. शेवटी तिनं सरकारी रुग्णवाहिका बोलावली आणि ती पंचवीस मिनिटांत दारात आली. मला स्ट्रेचरवर घेताना बाळाबाई रडायला लागल्या. त्यांना अजून कळलं नव्हतं की त्यांच्या हातून काय होता होता राहिलं. त्यांना ते आजही कुणी सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही कधी भेटलात तर सांगू नका. बाई मनानं चांगली आहे.

सांगलीत पायाची सोनोग्राफी झाली. गुठळी होती. गुडघ्याच्या मागं, बोटाएवढी. पूजा नावाची तरुण डॉक्टर होती, माझ्या निम्म्या वयाचीही नाही. तिनं विचारलं, सुई रोज घेत होता का? अक्षता म्हणाली, हो, आई स्वतः घ्यायच्या, रिकाम्या सुया मी मोजून ठेवल्यात. आणि तिनं पिशवीतून तो दुधाच्या भुकटीचा डबा काढला. सगळ्या सुया. एकही कमी नाही. डॉक्टर म्हणाली, मग असं कसं झालं, औषध बदलावं लागेल. आता गप्प राहिले तर ही पोरगी चुकीच्या हिशोबावर मला औषध देणार, एवढं माझ्यातल्या सिस्टरला कळत होतं. मी छताकडं बघून म्हटलं, दोन घेतल्या नाहीत. ओतून दिल्या.

डॉक्टरनं लिहून घेतलं. अक्षतानं डब्याचं झाकण लावलं. चार दिवस मी तिथं होते, ती खाटेशेजारच्या स्टुलावर होती. वेळेवर पाणी, वेळेवर गोळी, वेणी घालून दिली, पण बोलणं कामापुरतं. प्रशांत आला, त्यालाही तिनं सुयांचं सांगितलं नाही. ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. आण्णा, न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

तो राग मी दवाखान्यावर काढला. चौथ्या दिवशी दुपारी तोच माणूस तशीच फाईल घेऊन आला आणि म्हणायला लागला, ही सकाळी, ही रात्री. मी म्हटलं, थांब. मी खाट सोडणार नाही. एकेक कागद माझ्या सुनेला मराठीत समजावून सांगेल असं कुणीतरी इथं बसेपर्यंत मी इथंच. तो म्हणाला, आजी, दुसरा पेशंट खाली थांबलाय. मी म्हटलं, त्यालाही वर बोलाव, त्यालाही ऐकू दे. त्यानं मोठ्या सिस्टरला बोलावलं. ती पन्नाशीची, दमलेली, पायात क्रेप बँडेज बांधलेली. तिच्याकडं बघून मला जरा वाईट वाटलं, पण मी हलले नाही. तिला सांगितलं की मी चौतीस वर्षं हेच काम केलं आहे आणि तुझ्यावर किती बोजा आहे ते मला कळतं, पण त्या नंबरवर गाणं लागतं आणि माझी सून घरी एकटी होती. तिनं पायातलं बँडेज सारखं केलं. मग खुर्ची ओढून बसली.

पाऊण तास लागला. गोळ्या कोणत्या, का, चुकली तर काय करायचं, कशाला घाबरायचं, कशाला घाबरायचं नाही. अक्षता लिहीत होती. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारबांची लेक उठून आली, मग समोरच्या खाटेवरची दोन माणसं आली, सगळी आपापली फाईल घेऊन. शेवटी त्या सिस्टरनं फाईलवरचा नंबर खोडला आणि वॉर्डातला फोन नंबर स्वतःच्या हातानं लिहून दिला. मी अक्षताला सगळं परत म्हणायला लावलं. तिनं एकही चुकवलं नाही. मग मी खाट सोडली. (तो फाईलवाला माणूस दारातच उभा होता. जाताना त्यानं वॉकर धरला. त्याचंही काही खरं नाही बिचाऱ्याचं, दिवसाला चाळीस फाईली वाटतो.)

घरी आलो त्या दिवशी संध्याकाळी अक्षता स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर सुरू झाला. चटणी करत असेल असं वाटलं. पण भांड्यात काही असलं की मिक्सरचा आवाज जड येतो. हा रिकामा फिरत होता. बराच वेळ फिरत होता. मी वॉकर घेतला आणि बूट घालून, नियमाप्रमाणे आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, अशी दारापर्यंत गेले. ती ओट्याला धरून उभी होती, पाठमोरी. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून मिक्सर लावला होता.

माफी कशी मागतात ते मला येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आपल्या घरात कुणालाच येत नाही. मी तिथं उभी राहिले, तोवर पाय दुखायला लागला. मग म्हटलं, ‘अक्षता, संध्याकाळची सुई राहिलीय. आजपासून तू दे.’

तिनं मिक्सर बंद केला. तोंड धुतलं. हात साबणानं धुतले, वीस मोजून. खोलीत आल्यावर मी तिला शिकवलं. बेंबीपासून चार बोटं सोडायची, कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ घालायची, औषध हळू सोडायचं, काढल्यावर चोळायचं नाही. तिनं सुई दोनदा जवळ नेली आणि दोनदा मागं घेतली. पहिल्यांदा सगळ्याच असं करतात, मी किती पोरींना शिकवलं. पण त्या पोरींना मी चूक झाली की फटका मारायची. हिला मी म्हटलं, घाई नको. तिनं टोचली. दुखलं, बऱ्यापैकी दुखलं. मी म्हटलं, कळलंसुद्धा नाही. पुढं पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, तिनं दिली. आता गोळ्यांवर आहे. गुठळी विरघळत चालली आहे असं परवाच्या सोनोग्राफीत आलं.

तर आण्णा, आता मी काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. रोज बारा फेऱ्या, खऱ्या. राग तेवढा कमी झालेला नाही. गाऊन अजून अंगावर आहे. अक्षता रजा संपवून कामावर गेली, पण दुपारी एक वाजता फोन करून विचारते, आई, जेवणानंतरची गोळी? मी म्हणते, घेतली. ती म्हणते, पाकीट दाखवा. म्हणजे मी व्हिडिओवर गोळीचं रिकामं पाकीट दाखवायचं. विश्वास म्हणून काही राहिलेला नाही. तो राहू नये असं मीच वागले, हे मान्य आहे, तरी संताप व्हायचा तो होतोच.

थांबते. हात दुखला. तुमच्या तब्येतीला जपा. घरातल्या सगळ्यांचा तुम्हाला जयभीम.

तुमची धाकटी बहीण,
शालू

ता. क. — पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. विश्वजितचा मुंबईहून फोन आला होता. हर्नियाच्या ऑपरेशनची साताऱ्यातली तारीख तुम्ही दोनदा मोडलीत. पहिल्यांदा शेळी विणार होती म्हणून आणि दुसऱ्यांदा शेळी व्याली म्हणून. त्यानं खोदून विचारलं तेव्हा म्हणालात म्हणे, की कापायची भीती नाही, पण नंतर घरी मला बघणार कोण, वहिनी गेल्यापासून घरात पाणी द्यायला माणूस नाही, आणि पोराच्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन पडायचं नाही. हे तुम्ही त्याला सांगितलंत, मला नाही. दोन महिने मी इथं माझंच रडगाणं गात होते आणि तुम्ही पोटाला फडकं बांधून शेळ्यांमागं फिरत होतात. याचाही मला राग आला आहे, तो वरच्या सगळ्या रागांच्या वरती धरा.

ता. क. दुसरा — ऑपरेशन सोमवारी सोळा तारखेला आहे. विश्वजितनं पुन्हा ठरवलं. नंतरचा महिना तुम्ही आमच्याकडे राहायचं. या घराबद्दल वर जे लिहिलं आहे त्यातला एकही शब्द मी मागं घेत नाही. तुम्हाला मोजतील, टोकतील, उठवतील, चालवतील, चटणी बंद करतील, आणि शहाळी घेऊन लोक येतील. तरी इथंच यायचं. मी तुम्हाला बोलावते आहे असं समजू नका. मी म्हणणारच होते, पण अक्षता आधी म्हणाली, मी तोंड उघडायच्या आत. म्हणाली, आण्णामामांना इथं आणू या, मला आता जमतं.

ता. क. तिसरा — हे पत्र तुम्हाला गुरुवारपर्यंत मिळेल. रविवारी सकाळी अक्षता स्वतः तुम्हाला न्यायला येते, उंच सीटची गाडी ठरवली आहे. शेळ्या तुमच्या शेजारच्या अर्जुनाकडं ठेवायचं बोलणं झालं आहे, तेव्हा ते कारण सांगू नका. अक्षता रागावली की काही बोलत नाही, मी रागावले की थांबत नाही. दोघींपैकी कुणाला तोंड द्यायचं ते शनिवारपर्यंत ठरवा, आणि दोन धोतरं जास्त भरा.